अल्लाउद्दीनने वाचलेला हुकूम

लोकांचं डोकं कसं चालतं ते बघायचं असेल तर भोरच्या अल्लाउद्दीन कल्हईवाल्याकडं बघावं. चाळीस वर्षं त्याने तांब्यापितळेची भांडी हाताळली. नुसती टिचकी मारून सांगायचा, पितळ चांगलं आहे का भेसळ, डाग कुठं दिलाय, बूड कधी फुटणार. हातात वजन घेतलं की चांदी किती खरी हे त्याला सराफाच्या आधी कळायचं. पण कुणाला नांगरताना एखादं नाणं सापडलं, कुणाच्या आजीच्या गाठोड्यात बिल्ला निघाला, की ते घेऊन माणसं यायची आणि विचारायची काय? तर, "अल्लाउद्दीन, ह्याच्यावर काय लिवलंय ते वाच." का? तर अक्षरं अरबी आणि अल्लाउद्दीन मुसलमान. एवढंच. आता कुणी कुलकर्ण्याच्या पोराला रस्त्यात धरून त्याच्यापुढं ताम्रपट ठेवत नाही. पण अल्लाउद्दीनला मात्र ते आलंच पाहिजे, अशी सगळ्या भोर-वेल्ह्याची खात्री होती.

खरं सांगायचं तर त्याला ते येत नव्हतं. मशिदीत अलिफ-बे गिरवायला बसला आणि पहिलं पुस्तक संपायच्या आत बाप गेला. अकराव्या वर्षी भाता ओढायला लागला. नमाजापुरत्या सुरा पाठ, अक्षरं सुटी सुटी छापलेली असतील आणि खालीवर खुणा केलेल्या असतील तर अडखळत लावायचा, अर्थ विचारला तर शून्य. नाण्यावरची अक्षरं तर एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. ती वाचायला वेगळी विद्या लागते आणि तीही बहुधा फारसीची. हे त्याने सुरुवातीला सांगून पाहिलं. विंझरच्या एका दुकानदाराला म्हणाला, "शेठ, मला न्हाई येत." तर तो डोळे बारीक करून म्हणतो, "सांगायचं न्हाई आसं म्हण की. धनबिन लिवलं आसंल." त्या वर्षी त्याची सगळी भांडी दुसऱ्याच कल्हईवाल्याकडं गेली. मग अल्लाउद्दीन शहाणा झाला. कुणी काही पुढं केलं की डोळ्याजवळ न्यायचं, ओठ हलवायचे आणि म्हणायचं, "अल्लाचं नाव हाय. जपून ठेवा." माणूस खूश, कामही हातातून जात नाही. एवढ्यावर राहता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पासलीच्या वरच्या वस्तीवर तो एवढ्यावर राहिला नाही.

पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगराच्या कुशीत. भातखाचरं ओलांडून तासभर चढलं की पाच घरांची धनगरवस्ती लागते आणि तिच्या मागं मोठा माळ. पाऊस उघडला की त्याच्यावर कमरेएवढं गवत उभं राहतं. वस्तीच्या म्हशी, शेळ्या, वासरं सगळी त्या माळावर जगलेली. माळ कागदोपत्री कुणा इनामदाराचा होता, पण त्या इनामदाराने तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पाच पिढ्या चराई वस्तीची.

दिवाळी झाली की अल्लाउद्दीन भाता, कोळशाचं पोतं, नवसागराची पूड आणि कथलाच्या कांड्या घेऊन वर चढायचा आणि तीन दिवस चिमाजी धनगराच्या अंगणात भट्टी लावायचा. चिमाजी वस्तीचा कारभारी. त्याचा मुलगा हैबती अल्लाउद्दीनच्याच वयाचा, दोघं मिळून तपेल्यात उभे राहून वाळूने भांडी घासायचे आणि हसायचे. हैबतीचं नुकतंच लग्न झालेलं, बायको भागूबाई, अंगाने काटकुळी पण कामाला वाघीण.

माणसं चांगली होती, वाईट म्हणवत नाही. पण कुडाच्या कोनाड्यात एक जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली ठेवलेली असायची, ती अल्लाउद्दीनची. भाकरी वरून पडायची, दूध वरून ओतलं जायचं. "पोटभर जेव" म्हणायचे आणि ते मनापासून म्हणायचे. ज्या पितळ्या हा दिवसभर धुरात खोकत आरशासारख्या करून ओट्यावर मांडायचा, त्यातली एकही त्याच्यासाठी नव्हती. लोक आता म्हणतात, तेव्हा तसंच होतं हो, कुणाला काही वाटायचं नाही. ज्याची ताटली कोनाड्यात होती त्याला विचारा वाटायचं का ते. त्याला वाटायचं, आणि दरवर्षी नव्याने वाटायचं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी चिमाजी धास्तावलेला होता. इनामदाराकडून म्हणून कुणीतरी एक माणूस येऊन गेला होता आणि गवताचा लिलाव करणार अशी धमकी देऊन गेला होता. अल्लाउद्दीन भट्टी पेटवत होता तोवर चिमाजी आत गेला आणि देव्हाऱ्यातून हळदीने पिवळी झालेली एक पुरचुंडी घेऊन आला. आत देवांचे टाक आणि त्यांच्याबरोबर एक जाड, गोल चांदीचा तुकडा.

"माज्या पंज्यापासनं देवात हाय ह्यो," चिमाजी म्हणाला. "म्हातारं म्हणायचं, ह्यो बादशाही बिल्ला हाय. तुमच्यातलं अक्षर हाय. वाच बरं."

अल्लाउद्दीनने तो तळहातावर घेतला. आणि त्याच्या हाताला तत्क्षणी कळलं. तोळाभर वजन, चांदी चोख, कडा हाताने ठोकलेल्या. हा बिल्ला नाही, हा रुपया आहे, जुना. असे रुपये त्याने भोरच्या सराफाच्या पेटीत पाहिले होते, म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यातल्या माळेत पाहिले होते. "बाबा, ह्यो रुपाया हाय" हे शब्द त्याच्या अगदी ओठावर आले होते. चिमाजीने धातूचं विचारलं असतं तर ते बाहेरही पडले असते. पण चिमाजीने धातूचं विचारलंच नाही. तो ओट्यावर घोंगडी अंथरत होता.

"हितं वर ये," तो म्हणाला. "असलं देवाचं काम खाली बसून व्हत न्हाई."

दहा वर्षं तो त्या अंगणात येत होता, आधी चुलत्याबरोबर आणि मग एकटा. ओट्यावर कधी पाय ठेवला नव्हता. तो वर चढला, घोंगडीवर बसला. समोर चिमाजी हात जोडून, हैबती त्याच्या मागं, दाराआड भागूबाई. आता तुम्हीच सांगा, चोवीस वर्षांचा पोर, त्याला कुणी पहिल्यांदा माणूस म्हणून वर बसवलंय, तो काय सांगणार, की हा बाजारात खुर्दा करायचा रुपया आहे? आणि सांगून पुन्हा खाली उतरणार? त्याने पाठ असलेली एक सुरा हळू आवाजात म्हटली, बोट उजवीकडून डावीकडे फिरवलं आणि म्हाताऱ्याला जे ऐकायचं होतं ते सांगितलं.

"बादशहाचा हुकूम हाय, बाबा. ह्या डोंगराचा माळ आन्‌ चराई पिढ्यान्‌पिढ्या ह्या घराण्याकडं राहील. कुणी आडवं येऊ नये."

चिमाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो म्हणाला, "माजं म्हातारं खरं सांगत व्हतं." भागूबाईने पितळीत दूध आणलं, घरातल्या पितळीत, आणि त्याच्या हातात दिलं. त्या दिवसानंतर ती ताटली कोनाड्यात पुन्हा कुणी पाहिली नाही. अल्लाउद्दीन त्या घराचा भाऊ झाला. भागूबाई त्याला भावजी म्हणायला लागली, त्याच्या बायकोसाठी, बानोसाठी, लोण्याचा गोळा बांधून द्यायला लागली. आणि गंमत बघा, तो लिलाव करणारा माणूस पुन्हा फिरकलाच नाही. आला असता तर त्याच वर्षी सोक्षमोक्ष लागला असता. तो आला नाही, म्हणून वस्तीची खात्रीच झाली.

एखादं खोटं पचलं की माणसाला वाटतं सुटलो. अल्लाउद्दीनलाही आठ वर्षं तसंच वाटलं. एक्याण्णव साली तो वर चढला तेव्हा खाली पासलीत शाळेजवळ मंडप उभारला होता. तलाठी भाऊसाहेब, सर्कल, सगळे आले होते. इनामदाराच्या जमिनी कसणाऱ्यांनी, चारणाऱ्यांनी अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा आणि वहिवाटीला नाव लागायचं. खालची झाडून सगळी माणसं अंगठे देत होती. तलाठी बिचारा चांगला होता, तासभर चढून वस्तीवर आला आणि म्हणाला, हैबती, तेवढा अर्ज दे, पुढं उपयोगी पडेल. चिमाजी तोवर वारला होता. मरताना त्याने तो बिल्ला सुनेच्या हातात दिला होता आणि भागूबाई रोज आंघोळ करून त्याच्यावर पाणी घालत होती.

हैबतीने तलाठ्याला बिल्ला दाखवला आणि वाटेला लावलं. संध्याकाळी ओट्यावर बसून तो ही हकिकत मोठ्या झोकात सांगत होता. अल्लाउद्दीन म्हणाला, "हैबती, देऊन टाक की अर्ज. अंगठा लावायला काय जातंय."

हैबती चमकला. "आरं, बादशहाचा हुकूम घरात आसताना म्या तलाठ्यापुढं अंगठा घासू? मंजी माजा आज्जा खोटा, बाप खोटा आन्‌ तू वाचलेलं बी खोटं?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. फार तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या, अंगणात बसावं लागलं असतं, दुसऱ्या वर्षी दुसरा कल्हईवाला आला असता. अल्लाउद्दीन म्हणाला, "तसं न्हाई रं, म्या आपलं म्हणलं." आणि दूध प्यायला. त्या एका घोटाने पुढचं सगळं घडवलं, हे त्याला त्या वेळीही अंधुक कळत होतं. कळत नव्हतं असं त्याने नंतर कधी म्हटलं नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पुढं स्टीलची भांडी आली, मग ती काळी न चिकटणारी आली आणि कल्हईचा धंदा बसला. अल्लाउद्दीनने भाता भंगारात घातला. मुलगा फुरकान याने कामथडीच्या फाट्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तिथं हा सकाळी जाऊन बसायचा आणि कुणी नाणं घेऊन आलं तर चष्मा विसरलो म्हणायचा. वस्तीवर जाणं हळूहळू थांबलं. गुडघे दुखतात असं बानोला सांगायचा. गुडघे दुखतही होते, पण गणपतीच्या दिवसांत मुलाच्या गाडीवर बसून सगळं भोर हिंडताना ते दुखत नसत.

मागच्या पावसाळ्यानंतर इनामदाराच्या नातवंडांनी माळ विकला. घेणारे पुण्याचे. दिवाळीच्या आतच चारी बाजूंनी लोखंडी खांब आणि तारेची जाळी उभी राहिली, फाटकाला कुलूप. हैबतीची सव्वीस जनावरं जाळीला तोंड लावून उभी. त्याने नोंदीवर हरकत घेतली, वेल्ह्याला ती टिकली नाही, मग भोरला प्रांतसाहेबांपुढं अपील लागलं. सुनावणीच्या आठ दिवस आधी तो पहिल्या एसटीने उतरला आणि अल्लाउद्दीनच्या दारात उभा राहिला. डोक्याचा पटका तेवढा तसाच होता, बाकी माणूस निम्मा झाला होता.

"आता तूच हाईस," तो म्हणाला. पुरचुंडी सोडून त्याने तो तुकडा अल्लाउद्दीनच्या हातावर ठेवला. "गुरवारी सायबापुढं वाचायचा. तुज्यापाशीच ठेव. लई वर्सं झाली, जरा उजळणी कर. भागूबाईनं रातभर डोळ्याला डोळा लावला न्हाई, पर द्याया तयार झाली. म्हणली, भावजींकडं हाय मंजी घरातच हाय."

तो चहा पिऊन गेला. बानो आतून सगळं ऐकत होती. तिला त्या वाचनाची गोष्ट माहीत होती, लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाच त्याने सांगितली होती, हसत हसत. आता ती दारात येऊन उभी राहिली.

"वाचा आता," ती म्हणाली. "वर्सानुवर्सं लोणी खाल्लं त्याचं. म्या बी खाल्लं."

दुपारी तो दुकानावर गेला आणि मुलाला सगळं सांगितलं. फुरकानने त्या तुकड्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकले. चाळीस वर्षांचं कोडं, त्याला उत्तर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुण्यातल्या कुणा निवृत्त बँकवाल्याने लिहिलं होतं, अरबी लिपी, फारसी भाषा. सिक्का मुबारक, बादशहा गाजी, शाह आलम. मागच्या बाजूला जर्ब सुरत, म्हणजे सुरतेच्या टांकसाळीचं नाव. बादशहाचं नुसतं नाव, पाडलेला कंपनी सरकारने. चलनातला साधा रुपया, भरपूर मिळतो, विशेष काही नाही.

"बादशहा शब्द हाय, अब्बा," फुरकान म्हणाला. बापाला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. "तेवढं तुमी बरोबर वाचलं व्हतं."

अल्लाउद्दीनला मुलाच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली. दुसरं गिऱ्हाईक समोर उभं होतं, फुरकान त्याची काच बदलायला बसला. आठ दिवस अल्लाउद्दीन नीट जेवला नाही. कधी वाटायचं, ताप आला म्हणून पडून राहावं. कधी वाटायचं, साहेबाला तरी कुठं वाचता येतंय, पुन्हा तेच ठोकून द्यावं, साहेबाने आपल्या बाजूने निकाल दिला तर दिला. हे शेवटचं त्याला पटतही आलं होतं. हैबतीकडं वर जाऊन आधी खरं सांगावं, हेही एकदा मनात आलं. बुधवारी सकाळी तो एसटी स्टँडवर गेलासुद्धा. वेल्ह्याची गाडी लागली, भरली आणि गेली, आणि हा बाकावर बसून होता.

गुरुवारी कचेरीत गर्दी होती. पुकारा झाला. एका बाजूला पुण्याच्या लोकांचा वकील, तरुण, गोड बोलणारा. दुसऱ्या बाजूला हैबती, त्याचा मुलगा संपत आणि अल्लाउद्दीन. हैबतीने धुतलेलं धोतर नेसलं होतं. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "तुमच्याकडं पुरावा काय?"

"हुकूम हाय, सायेब," हैबती म्हणाला. "बादशहाचा. ह्यो आमचा भाऊ वाचून दावंल."

वकील हसला नाही, उलट खुर्ची ओढून म्हणाला, "वाचू द्या, साहेब. मलाही ऐकायचंय." त्याच्या हातात मोबाईल होता. त्याला एक फोटो काढायचा अवकाश, अल्लाउद्दीनच्या डोळ्यांपुढं दुकानातली ती दहा मिनिटं उभी राहिली. त्या वकिलाने हैबतीला सगळ्यांपुढं खोटं पाडावं, ते मात्र त्याला नको होतं. त्याने रुपया टेबलावर ठेवला.

"सायेब, ह्यो रुपाया हाय," तो म्हणाला. "तोळाभर चांदी. सुरतेचा, कंपनी सरकारचा. ह्याच्यावर माळाचं काय बी लिवल्यालं न्हाई."

"मग हुकूम?"

"हुकूम म्या सांगितला व्हता. मनानं. मला ह्ये वाचता येत न्हाई. तवाबी येत नव्हतं."

संपतने "काका" एवढंच म्हटलं. हैबती अल्लाउद्दीनकडं बघत होता, पण ओळखीच्या माणसाकडं बघतात तसं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजोबा, एवढं वाईट वाटून घेऊ नका. हा खरोखर हुकूम असता तरी मला चालला नसता. बादशहाचं मी काय करू? मला वहिवाटीला नाव पाहिजे." त्याने कागद उलटा करून हैबतीपुढं धरला. "हे बघा. एक्याण्णव साली अर्ज घेतले होते. खालच्या चौदा घरांची नावं लागलीत. त्यांचा एक गुंठा कुणाला घेता आला नाही, विकत घेणाऱ्यांनी तेवढा सोडूनच खरेदी केली. तुमच्याबद्दल तलाठ्याचा शेरा आहे, समक्ष सांगूनही अर्ज दिला नाही. का नाही दिलात? तो एक अर्ज असता तर आज तुम्हाला इथं यायची वेळ आली नसती."

हैबती हळू म्हणाला, "गरज वाटली न्हाई, सायेब."

अपील फेटाळलं. संपतने सही केली. शिपायाने रुपया उचलून हैबतीच्या हातात दिला आणि पुढचा पुकारा केला.

कचेरीपासून स्टँडपर्यंत तिघंही चालत आले. अल्लाउद्दीन दोन पावलं मागं. त्याला वाटत होतं, हैबतीने वळावं आणि भर बाजारात जोडा काढावा. म्हणजे एकदाचं होऊन जाईल. हैबती वळला नाही. स्टँडवर संपत तिकिटाची चौकशी करायला गेला तेव्हा तो बाकावर बसला आणि समोर बघत म्हणाला, "म्हशीचा व्यापारी उद्या येनार हाय. म्या त्याला चार दिस थांब म्हणलं व्हतं."

"हैबती, म्या लई..." अल्लाउद्दीनने सुरुवात केली.

"चौदा घरं," हैबती म्हणाला. "त्यातली धा आमच्या घराला इचारून चालायची. आमी सांगितलं, आमाला नगं, आमच्याकडं हुकूम हाय. ती बिचारी अंगठं देऊन मोकळी झाली."

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. साधा बटणांचा, आवाज एवढा मोठा की शेजाऱ्याला ऐकू यावा. भागूबाई होती. "काय झालं वो? वाचलं का भावजींनी?"

हैबतीने मोबाईल कानापासून लांब धरला, त्याच्यावर हाताचा पंजा दाबला आणि त्या दिवसात पहिल्यांदा अल्लाउद्दीनच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"माळ गेला त्ये घरी जाऊन म्या सांगन," तो म्हणाला. "रुपायाचं सांगायचं न्हाई. संपतला बी म्या तंबी देतो. जनावरं जायाची, माळ गेला, आता ती सकाळी उठून पानी कशावर घालंल? तू सुरू केलंस, तूच सांग. धर."

अल्लाउद्दीनने मोबाईल घेतला. आवाज निघाला, आणि तो नेहमीसारखाच निघाला याची त्याला स्वतःचीच किळस आली.

"वयनी, वाचलं म्या. सगळं वाचलं."

"सायबानं काय म्हणलं?"

"सायेब म्हणलं, हुकूम खरा हाय. पर आता बादशाही ऱ्हायली न्हाई, त्याला त्यांचा इलाज न्हाई."

पलीकडं एक म्हैस हंबरली. मग भागूबाई म्हणाली, "आसू द्या. जमीन काय, सरकारनं दिली, सरकारनं नेली. पर म्या ह्यांला सकाळीच म्हणलं व्हतं भावजी, सारी दुनिया खोटी पडंल, तुमचं वाचन खोटं पडायचं न्हाई." ती नाक ओढत होती. "लई वर्सं झाली, वर आला न्हाईसा. बानोताईला घेऊन या की एकदा. येताय न्हवं?"

"येतो, वयनी," अल्लाउद्दीन म्हणाला.

हैबतीने त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला, बंद केला आणि खिशात ठेवला. वेल्ह्याची गाडी फलाटाला लागली होती. तो उठला.

"येऊ नको," तो म्हणाला आणि गाडीत चढला.